नाटकातली सोयराबाई, इतिहासातली सोयराबाई

ऐतिहासिक मराठी नाटक म्हटलं की बहुतेकांना आधी आठवतं ते वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’. १९६२ साली ते रंगभूमीवर आलं आणि डॉ. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी घराघरात पोहोचला. यातले शिवाजी महाराज राजापेक्षा बाप जास्त आहेत. एकीकडे मुलगा, दुसरीकडे पत्नी, आणि मध्ये स्वराज्य! म्हणूनच ही शोकांतिका. पण यात महाराणी सोयराबाईंच्या वाट्याला काय आलं? राजारामासाठी गादी मागणारी, सावत्र मुलाच्या वाईटावर असलेली राणी. खऱ्या सोयराबाई अशाच होत्या का?

आधी तारखा बघू. सोयराबाई मोहिते घराण्यातल्या, हंबीरराव मोहिते हे त्यांचे भाऊ. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी त्या पट्टराणी म्हणून महाराजांच्या शेजारी बसल्या. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. २१ एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांचं मंचकारोहण झालं. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करायला निघाले, पण सरनोबत हंबीररावांनी उलट त्यांनाच पकडलं. म्हणजे सख्खा भाचा गादीवर असताना मामा बहिणीच्या सवतीच्या मुलामागे उभा राहिला!

तेव्हा गादीचा वाद काही नाटककाराने मनाने रचलेला नाही. हे मान्यच करायला पाहिजे. खरा फरक पुढे आहे.

२४ ऑगस्ट १६८० ला संभाजीराजांनी कुडाळच्या बाकरे घराण्याला एक संस्कृत दानपत्र दिलं. त्यात त्यांनी या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे. मंचकारोहणाला जेमतेम चार महिने झाले होते! कुणी म्हणेल, दानपत्राची भाषा औपचारिक असते. असू दे. पण जिचा राग आहे तिचा उल्लेख टाळणं सोपं होतं, कौतुक करायची काय गरज होती?

पुढे १६८१ मध्ये संभाजीराजांविरुद्ध पुन्हा कट झाला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी यांना देहदंड मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोयराबाई वारल्या. त्यांना भिंतीत चिणून मारलं ही कथा नंतरच्या बखरींच्या परंपरेतली. गाजलेली चिटणीस बखर तर सव्वाशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली, आणि तीही बाळाजी आवजींच्या वंशजाने, मल्हार रामराव चिटणीस यांनी. ज्याच्या पूर्वजाला राजाने मारलं, तो त्या राजाबद्दल किती तटस्थ लिहिणार?

इंग्लिश मीडियमवाल्यांना इथे लेडी मॅकबेथ आठवेल. नवऱ्याला खुनाला उठवणारी, हातावरचे रक्ताचे डाग धूत बसणारी राणी. स्कॉटलंडच्या खऱ्या राणीचं नाव ग्रूऑख. मॅकबेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. ग्रूऑखचं नाव आपल्यापर्यंत आलं ते लॉख लेव्हनच्या साधूंना दिलेल्या जमिनीच्या दानपत्रामुळे! तिला पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगाही होता, लुलाख, तो मॅकबेथनंतर राजा झाला. शेक्सपिअरने हॉलिनशेडच्या बखरीतल्या राणीच्या महत्त्वाकांक्षेच्या उल्लेखावरून ती भयंकर बाई उभी केली. दोन देश, दोन राण्या, आणि दोघींची साक्ष द्यायला एकेक दानपत्र.

असं का होतं? शोकांतिकेला अडीच-तीन तासांत संघर्ष उभा करायचा असतो. खऱ्या इतिहासात मंत्री, सैन्य, मोगलांची भीती, वारशाचा प्रश्न अशी दहा कारणं असतात. ती सगळी स्टेजवर मावत नाहीत, मग ती एका माणसात कोंबली जातात. आणि तो माणूस बहुतेक वेळा सावत्र आई नाहीतर बायको असते. तिच्याबद्दल प्रेक्षकांचं मत आधीच तयार असतं.

मला खरं खटकतं ते वेगळंच. याच बखरींनी संभाजीराजांनाही व्यसनी आणि बेजबाबदार ठरवलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं तपासून १९६० मध्ये त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं, पुढे डॉ. कमल गोखले यांनीही काम केलं, आणि ती प्रतिमा पुसली गेली. २०२३ मध्ये आपल्या शहराचं नावही अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. पण सोयराबाई जिथल्या तिथेच! २०२५ च्या ‘छावा’ सिनेमातही त्या कट करणाऱ्याच आहेत. राजांना न्याय देताना जी कसोटी लावली, ती राणीला कुणी लावली?

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आन्सरवरून रिडिंग काढायची पद्धत सगळ्या कॉलेजांत माहीत आहे. सोयराबाईंचं तसंच झालंय. खलनायिका हे उत्तर ठरलेलं, त्याला जुळतील तेवढीच रिडिंग घ्यायची. दानपत्र जुळत नाही, मग ते सोडून द्यायचं.

मित्रहो, नाटक जरूर बघा, टाळ्याही वाजवा. कानेटकरांनी इतिहासाचं पुस्तक लिहिलं नव्हतं, नाटक लिहिलं होतं. पण सोयराबाईंवर निकाल देण्याआधी ते दानपत्र पुराव्यात धरा. ते लिहून देणारे दुसरे-तिसरे कुणी नव्हते, स्वतः संभाजीराजे होते.