नगरचं नाव बदललं, आमची सेटिंग कुठे गेली?

प्रश्न : शहराच्या नावाबरोबर आम्ही मंडळाच्या संकेतस्थळाचा पत्ताही बदलला. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता होता तिथे तिथे नवा घातला. लेख दिसतात, पण बाजूच्या पट्टीतला मजकूर आणि सजावट गायब. चुकलं कुठे?
– एक वाचक, भिंगार

उत्तर : मोजणीत! लक्षणांवरून तुमचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर असावं. वर्डप्रेस बऱ्याचशा सेटिंगचं गाठोडं बांधून ते एकाच रकान्यात ठेवतं, आणि गाठोड्यातल्या प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहितं. रोमन लिपीत ‘अहमदनगर’ची अक्षरं 10, ‘अहिल्यानगर’ची 11. तुम्ही नाव बदललंत, आधीचा आकडा तसाच राहिला. एका अक्षराचा हिशेब चुकला तरी पीएचपी ते गाठोडं उघडतच नाही. देवनागरी असती तर तफावत आणखी वाढली असती. तिथे मोजणी बाइटमध्ये, म्हणजे 21 चे थेट 30.

बदलाआधीचा बॅकअप ठेवला असेल, तर तो पुन्हा चढवा. मग डब्ल्यूपी-सीएलआयची ‘सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा वापरा. ती गाठोडं सोडते, पत्ता बदलते, लांबी नव्याने मोजते आणि पुन्हा बांधते. आधी ‘ड्राय-रन’ करा. काहीही न बदलता किती ठिकाणी बदल होईल ते कळतं. होस्टिंगवर ही सोय नसेल तर ‘बेटर सर्च रिप्लेस’ हे प्लगिन तेच काम करतं.

शोधताना मात्र ‘एचटीटीपीएस’पासूनचा पूर्ण पत्ता द्या, नुसतं शहराचं नाव नको. नाहीतर तुमच्या शेजारच्या किल्ल्यावरच्या लेखातही 1942 साली नेहरू ‘अहिल्यानगर’च्या किल्ल्यात कैदेत होते, असं छापून येईल. नाव बदललं 2024 मध्ये; जुन्या गोष्टीत तेव्हाचंच नाव असावं, असं माझं तरी मत आहे. भिंगारकरांना हे सांगायला नको. तुमचं गाव तर निजामशहाने नगर वसवलं त्याच्याही आधीचं!

‘जीयूआयडी’ हा रकाना वगळा. तो दिसतो पत्त्यासारखा, पण ती लेखाची कायमची ओळख आहे. ती बदलली तर फीड वाचणाऱ्यांकडे तुमचे सगळे जुने लेख नवे म्हणून पुन्हा जाऊन पडतील.

शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 रिडायरेक्ट लावा. आणि जुन्या डोमेनचे पैसे निदान दोन-तीन वर्षं भरत राहा. लोकांनी जपून ठेवलेले दुवे अजून त्याच पत्त्यावर येणार आहेत.