पापणीची शस्त्रक्रिया आणि एकट्याचे घर

आपल्या अमडापुरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत अशी कितीतरी घरे आहेत, की जिथे मुले पुण्या-मुंबईला किंवा संभाजीनगरला कामाला गेली आणि घरी आई किंवा वडील एकटेच राहिले. अशा माणसाला डॉक्टर सांगतात, "पापणीची शस्त्रक्रिया करावी लागेल." माणूस मान डोलावतो, घरी येतो आणि गप्प बसतो. भीती शस्त्रक्रियेची नसते. "नंतर माझं करणार कोण?" हा प्रश्न असतो.

या प्रश्नापायी तारीख पुढे ढकलली जाते. पण काही आजारांत ही ढकलाढकल महाग पडते. पापणी आत वळली, की तिचे केस उघडझाप करताना दर वेळी बुबुळावर घासतात. आधी टोचते, पाणी येते, मग बुबुळावर जखम होते आणि पुढे पांढरा डाग पडतो. त्या डागाने गेलेली नजर नंतर पापणी सरळ करूनही परत येत नाही. पूर्वी खुपऱ्यांच्या आजाराने अनेकांच्या पापण्या अशा वळत. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये भारतातून खुपऱ्यांची सार्वजनिक आरोग्य समस्या संपल्याचे जाहीर केले. तरी म्हातारपणी कातडी आणि स्नायू सैल पडल्याने पापणी आत वा बाहेर वळते, किंवा खाली लोंबून नजर झाकते.

म्हणून आज आपण शस्त्रक्रियेनंतरच्या घराची तयारी शिकू.

धम्मातील धडा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही कामी येत नव्हता. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला समजावले, की तुम्ही आईवडील सोडून आला आहात, एकमेकांची सेवा तुम्ही नाही केली तर करणार कोण?

तिथेच सेवा करणाऱ्याचे आणि रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. सेवा करणाऱ्याने औषध द्यायला सक्षम असावे, पथ्य-अपथ्य जाणावे, लोभाने सेवा करू नये, घाण काढायला किळस मानू नये आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न ठेवावे. रुग्णाने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, वेदना सोसाव्यात आणि आपले दुखणे आहे तसे खरे सांगावे. एकटे राहणाऱ्यासाठी हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. "मला काही होत नाही" असे म्हणून दुखणे लपवणे म्हणजे सहनशीलता नव्हे.

तारीख घेण्याआधी

1. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी ऐन भरात असताना गल्लीत दिवसा कोणी नसते. डॉक्टरांनी घाई सांगितली नसेल, तर ते दिवस टाळावेत. घाई सांगितली असेल, तर मात्र थांबू नये.
2. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची डॉक्टरांना आधीच माहिती द्यावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.
3. नेण्या-आणण्याला एक माणूस ठरवावा. चिखली, खामगाव वा बुलढाणा, कुठेही शस्त्रक्रिया झाली तरी डोळ्यावर पट्टी असताना एसटीने एकट्याने येऊ नये आणि गाडी चालवू नये.
4. टाके कधी काढायचे ते विचारावे. बहुधा आठवड्याभरात काढतात, काही टाके आपोआप विरघळतात. त्या दिवसाची सोबतही आत्ताच ठरवावी.

पाळी कशी लावावी

"काही लागलं तर सांगा" या बोलण्यावर विसंबू नये. कोण, कधी, काय करणार, हे कागदावर लिहावे.

पहिला दिवस आणि पहिली रात्र: एकाने घरीच मुक्काम करावा. गुंगी असते, सूज येते. एका डोळ्यावर पट्टी असली, की अंतराचा अंदाज चुकतो, त्यामुळे उंबरठा, पायरी आणि गॅस धोक्याचे ठरतात. रात्री लघवीला उठताना हात धरणारे कोणी हवे.

दुसरा-तिसरा दिवस: सकाळी एक, संध्याकाळी एक. डबा, पाणी, थेंब आणि मलम. साधारण पहिले दोन दिवस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थंड शेक द्यावा. बर्फ पिशवीत घालून वर स्वच्छ सुती रुमाल गुंडाळावा, दाबू नये. बर्फ कातडीला थेट लावू नये. दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपवावे.

चौथ्या दिवसापासून: दिवसातून एक फेरी आणि एक फोन. वाकून झाडणे, हंडा उचलणे, चुलीचा धूर आणि शेतातली धूळ डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळावी.

मलम लावणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. बाटलीचे टोक पापणीला टेकवू नये. काजळ, मध, एरंडेल असे काहीही डोळ्यात घालू नये. काळेनिळे डाग आणि सूज एक-दोन आठवडे राहू शकते, त्याने घाबरू नये.

लगेच दवाखाना गाठा

एकाएकी दिसेनासे झाले, एकाचे दोन दिसू लागले, डोळा बाहेर आल्यासारखा होऊन असह्य दुखू लागला, रक्त थांबेना, पू आला किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. हा नंबर, डॉक्टरांचा आणि शेजारच्यांचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावावा. घराची एक किल्ली शेजारी द्यावी.

विहाराचे काम

वर्षावासात आपण संध्याकाळी ग्रंथवाचनाला विहारात जमतो. वाचन संपल्यावर पाच मिनिटे काढून विचारू या, की आपल्यात एकटे कोण आहे आणि कोणाची शस्त्रक्रिया अडली आहे? महिला मंडळ, बचत गट आणि आशाताई मिळून सात दिवसांची पाळी सहज लागते. ज्याला काहीच जमत नसेल, त्याने रुग्णाजवळ बसून अर्धा तास वाचून दाखवावे. पट्टी बांधलेल्या माणसाला दिवस फार मोठा वाटतो.

आणि ज्यांना मदत लागणार आहे, त्यांनी संकोच सोडून मागावी. आज आपण घेऊ, उद्या देऊ.