आधी हसा, मग तपासा



मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही 'तानापिहिनिपाजा' एवढेच म्हणा, त्याला लगेच इंद्रधनुष्य आठवेल. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा ही सात नावे क्रमाने पाठ करायचा कंटाळा येतो. त्यांची आद्याक्षरे जोडून झालेला हा वेडगळ शब्द मात्र आजीलाही आठवतो आणि नातवालाही. तो कोणी छापून वाटला नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात तो आपला आपण गेला.

आता त्याच माणसाला विचारा, "तांबडा रंग कमानीच्या बाहेरच्याच कडेला का?" इथे तानापिहिनिपाजा गप्प बसतो. त्याला क्रम ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही.

कारण असे आहे. सूर्याचा किरण पावसाच्या थेंबात शिरताना वळतो, थेंबाच्या मागच्या बाजूवरून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. प्रत्येक रंगाचे वळण थोडे निराळे असते. सूर्याकडे पाठ करून उभे राहिल्यास आपल्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते, त्या दिशेपासून तांबडा प्रकाश सुमारे ४२ अंशांवरून डोळ्यांत येतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवरून. म्हणून तांबडा बाहेर आणि जांभळा आत. आता यावर एक विनोद ऐका:

"इंद्रधनुष्य पाहायचे असेल तर सूर्याला पाठ दाखवा. फौजेत पाठ दाखवायला एवढ्याच कामासाठी परवानगी आहे."

हे वाक्य ऐकून हसू येते आणि हसता हसता एक नियमही लक्षात राहतो: सूर्य पाठीमागे हवा. म्हणजे संध्याकाळचे इंद्रधनुष्य पूर्वेला शोधायचे आणि सकाळचे पश्चिमेला. विनोदाच्या पोटात शास्त्र असेल तर तो असा कामाला येतो. पोटात काहीच नसेल, किंवा चुकीचे शास्त्र असेल, तर तेही तितकेच घट्ट चिकटते. विज्ञानाच्या अभ्यासात विनोद जरूर वापरावा; पण हसून झाल्यावर तो तपासावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मीम म्हणजे काय?

आज मीम म्हटले की मोबाइलवरचे चित्र आणि त्यावरच्या दोन ओळी डोळ्यांसमोर येतात. हा शब्द मात्र मोबाइलपेक्षा जुना आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या पुस्तकात तो प्रथम वापरला. 'जीन' म्हणजे जनुक जसे एका पिढीकडून दुसरीकडे जाते, तशी एखादी चाल, म्हण किंवा कल्पना एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नकलेने पसरते. अशा पसरणाऱ्या कल्पनेला त्यांनी 'मीम' म्हटले. या अर्थाने आपले तानापिहिनिपाजा अस्सल मराठी मीमच आहे.

यात एक धोका लपलेला आहे. कल्पना खरी आहे म्हणून ती पसरते असे नाही. ती लक्षात राहते म्हणून पसरते. खरे-खोटे पाहण्याचे काम मीम करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.

डास, शिपाई आणि हसू

विनोदातून शास्त्र शिकवणे हे पोरखेळाचे काम आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सैन्याचा इतिहास पाहावा.

भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनोफिलिस डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी सापडला. या कामासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मलेरिया कसा पसरतो हे शास्त्राला कळले, पण प्रत्येक शिपायाला ते पटले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांनी जो हिशेब नोंदवला, तो वाचून आजही धक्का बसतो: १९४३ साली जखमी म्हणून मागे न्याव्या लागलेल्या दर एका सैनिकामागे १२० सैनिक आजारी म्हणून मागे न्यावे लागत होते. त्या आजारांत मलेरिया हा मोठा शत्रू होता. स्लिम यांच्या चौदाव्या सेनेत भारतीय जवान बहुसंख्य होते, हेही ध्यानात घ्या.

त्याच वर्षी अमेरिकन सैन्याने आपल्या शिपायांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. तिची नायिका होती 'अ‍ॅन', म्हणजे अ‍ॅनोफिलिस डासाची मादी. चित्रे काढली होती थिओडोर गाइझेल यांनी. पुढे जगभरची मुले त्यांना डॉक्टर स्यूस या नावाने ओळखू लागली. नाकाच्या जागी सोंड असलेली ही अ‍ॅन रात्री फिरायला निघते आणि तिला दारू नको, रक्त हवे असते. शिपाई हसले असतील, पण हसताना तीन गोष्टी त्यांच्या डोक्यात गेल्या: चावते ती मादी, ती मुख्यतः रात्री चावते आणि मच्छरदाणी फाटकी असेल तर ती नसल्यातच जमा.

त्याच काळात 'प्रायव्हेट स्नाफू' नावाच्या शिपायाची छोटी व्यंगचित्रपटांची मालिकाही अमेरिकन सैनिकांना दाखवली जात असे. हा स्नाफू प्रत्येक गोष्ट चुकीची करतो आणि फजीत होतो. मलेरियाच्या बाबतीतही तेच. यातली युक्ती ओळखा. पडद्यावर फजिती होते ती एका काल्पनिक शिपायाची. पाहणारा मनमोकळे हसतो आणि मनात म्हणतो, "मी असे करणार नाही." कोणाचाही अपमान होत नाही, धडा मात्र पोचतो.

पण नुसत्या हसण्याने मलेरिया हटला असता का? नाही. स्लिम यांनी आपल्या सेनेत मलेरियाविरोधी मेपाक्रिनच्या गोळ्या जवान खरोखर घेतात की नाही, हे अचानक तपासायला सुरुवात केली आणि जिथे ढिलाई आढळली तिथल्या कमांडिंग अधिकाऱ्याला जबाबदार धरले. विनोदाने गोष्ट ध्यानात राहते. ती अंगवळणी पडते ती तपासणीने. आपल्या अभ्यासातही हाच क्रम ठेवायचा आहे.

कॅडेट घाईराम

स्नाफूसारखे एक पात्र आपणही तयार करू. त्याचे नाव कॅडेट घाईराम. तो हुशार आहे, पण उत्तर देण्याची त्याला फार घाई असते. त्याचे तीन विनोद पाहा आणि प्रत्येकातली चूक शोधा.

पहिला विनोद: "उस्तादांनी शिट्टी वाजवली, ही क्रिया. आम्ही धावत सुटलो, ही प्रतिक्रिया. म्हणून न्यूटनचा तिसरा नियम सिद्ध!"

मैदानावर हे ऐकून हशा पिकेल. पण शिट्टी आणि धावणे ही न्यूटनची जोडी नव्हे. क्रिया आणि प्रतिक्रिया ही दोन बले आहेत. ती एकाच क्षणी असतात, आधी एक आणि नंतर दुसरे असे नसते. ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, समान आणि विरुद्ध दिशेची असतात. खरी जोडी तुमच्या बुटाखाली आहे: बूट जमिनीला मागे ढकलतो, जमीन बुटाला पुढे ढकलते. म्हणून तर तुम्ही धावू शकता, आणि चिखलात घसरता.

दुसरा विनोद: "बंदूक गोळीला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने गोळी बंदुकीला मागे ढकलते. मग बंदूकही गोळीच्या वेगाने मागे यायला हवी. माझा खांदा कुठे गेला?"

हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण उत्तम आहे. घाईरामने नियम बरोबर सांगितला, निष्कर्ष चुकवला. बल समान आहे, वेळही समान आहे, म्हणून संवेग समान आहे, वेग नव्हे. हिशेबासाठी गोळी २.५ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला ३२० मीटर आणि बंदूक ४ किलोग्रॅमची धरू. दारूच्या वायूंचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. गोळीचा संवेग होतो ०.००२५ × ३२० = ०.८ एकक. बंदुकीचाही तेवढाच, म्हणून तिचा वेग ०.८ ÷ ४ = सेकंदाला ०.२ मीटर. बंदूक १६०० पट जड, म्हणून वेग १६०० पट कमी. फायरिंगच्या वेळी दस्ता खांद्याला घट्ट लावा असे का बजावतात, तेही इथेच कळते. दस्ता घट्ट असेल तर बंदूक आणि शरीर मिळून धक्का घेतात; सैल असेल तर बंदूक आधी वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते.

तिसरा विनोद: "रविवारी मेसमध्ये जास्त जेवलो, वजन वाढले. काळजी नाही, चंद्रावर जाऊन बारीक होतो."

चंद्रावर वजन कमी भरेल, हे खरे. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. ५४ किलोग्रॅमच्या कॅडेटवर पृथ्वीवर सुमारे ५२९ न्यूटन बल असते, चंद्रावर सुमारे ८७ न्यूटन. पण वस्तुमान ५४ किलोग्रॅमच राहते. पट्ट्याचे भोकही तेच राहील! आणि चंद्रावर धावत जाऊन त्याच वेगाने भिंतीला धडकलात तर टेंगूळही इथल्याएवढेच येईल. वजन आणि वस्तुमान यांतला फरक व्याख्येपेक्षा त्या टेंगळाने जास्त नीट समजतो.

स्वतः मीम कसे करावे?

होस्टेलमध्ये मोबाइल नसतो, म्हणून काही अडत नाही. अर्धा कागद आणि पेन्सिल पुरे. प्रेपच्या वेळी धडा वाचून झाल्यावर या चार पायऱ्यांनी जा.

एक: धड्यातली एकच कल्पना निवडा. संपूर्ण प्रकरण एका चित्रात कोंबू नका.

दोन: ती कल्पना साध्या मराठीत एका वाक्यात लिहा. इथेच अनेकांची गाडी अडते. ज्याला एक वाक्य लिहिता येत नाही, त्याला धडा अजून समजलेला नाही. विनोद करण्याआधीच हे कळते, हा मोठा फायदा.

तीन: आता तिला आपल्या आयुष्यातला प्रसंग जोडा. परेड, मेस, किट तपासणी, सुट्टीची रेल्वे, काहीही चालेल. आपल्यापैकी बरेच जण घरापासून दूर, परप्रांतात, इंग्रजीतून विज्ञान शिकतात. व्याख्या इंग्रजीत पाठ होते, पण हसू बहुधा मायबोलीतच येते. मराठीत विनोद सुचला, तर ती कल्पना आपल्या घरात आली असे समजा.

चार: चित्राच्या पाठीमागे दोन ओळी लिहा, 'यात खरे काय आहे?' आणि 'यात चूक काय होऊ शकते?' पाठ कोरी असलेले मीम भित्तिपत्रकावर लावायचे नाही, असा नियमच करावा.

आणखी एक पथ्य आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. हसायचे ते चुकीवर, चुकणाऱ्यावर नव्हे. वर्गात एखाद्याने चुकीचे उत्तर दिले आणि सगळे त्याला हसले, तर तो पुढच्या वेळी हात वर करणार नाही. जो हात वर करत नाही, त्याची शंका तशीच राहते आणि ती परीक्षेत, कधी मैदानावरही, नको त्या वेळी डोके वर काढते. म्हणून खरी चूक कोणाचीही असो, फळ्यावर नाव घाईरामचेच लिहावे. शिक्षकांनी आठवड्यातून एक चूक त्याच्या नावावर मांडली आणि ती शोधायला वर्गाला पाच मिनिटे दिली, तर गप्प बसणारी मुलेही बोलू लागतील. चूक परक्याची असली की ती दाखवायला भीती वाटत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलगा सुट्टीवर आला आणि त्याने विज्ञानाचे गमतीदार मीम दाखवले, तर 'अभ्यास सोडून हे काय' असे एकदम म्हणू नका. हसा, आणि मग विचारा, "हे असे का होते रे?" त्याने सांगितले तर त्याची उजळणी झाली. नाही सांगता आले तर त्याला शोधायला एक प्रश्न मिळाला.

स्वाध्याय

१. 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' हे वाक्य सर्वांना पाठ असते. घाईराम म्हणतो, "म्हणजे तंतुकणिका ऊर्जा निर्माण करते." त्याची चूक दाखवा. (सूचना: अन्नातील ऊर्जा आणि एटीपी यांचा संबंध पाहा.)

२. माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसते. ती दिवसभर ऑक्सिजन वाहते, पण स्वतः तो वापरत नाही. तिला मेसमधल्या कोणत्या माणसाची उपमा द्याल? चित्र काढा.

३. कधी कधी मुख्य इंद्रधनुष्याच्या वर दुसरे, फिकट इंद्रधनुष्य दिसते. त्यात प्रकाश थेंबाच्या आत दोनदा परावर्तित होतो आणि रंगांचा क्रम उलटतो. म्हणजे बाहेरून आत वाचल्यास शब्द होतो 'जापानिहिपिनाता'. पुढच्या पावसात सूर्याला पाठ दाखवून उभे राहा आणि हा शब्द खरा की खोटा, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.