पाच वाजताची भूक

मूल रात्री जेवत नाही म्हणून पालक भुकेचं औषध मागायला येतात, तेव्हा मी आधी एकच विचारते. संध्याकाळी पाचला त्यानं काय खाल्लं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शाळा सुटलेली, क्लासला अजून अर्धा तास, आईबाबा दोघंही कामावर, पोटात कावळे ओरडतायत आणि खिशात वीस रुपये. कोपऱ्यावर चायनीजची गाडी, शेजारच्या किराणा दुकानाच्या दारात चिप्सच्या पुड्यांच्या माळा. रात्री साडेआठला वरणभात पुढ्यात येतो, तोवर पोटात जागाच उरलेली नसते. अशा मुलाला टॉनिक देऊन काय होणार?

फास्ट फूडचा धंदा आपल्याकडे या पाच वाजताच्या भुकेवर वाढला, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९६ मध्ये मॅकडोनाल्डची पहिली दुकानं दिल्ली-मुंबईत उघडली, तेव्हा तिथे जाणं म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी सणासारखा प्रसंग असायचा. आज तो प्रसंग रोजचा झाला आहे, कारण पाच आणि दहा रुपयांचे पुडे वाडीवस्तीपर्यंत पोचले आहेत. ज्या गावात ताजी भाजी आठवड्याच्या बाजारालाच मिळते, तिथेही कुरकुरीत पुडा रोज मिळतो. मजुरीला गेलेली आई मागे राहिलेल्या लेकराच्या हातात पाच रुपये ठेवते. पोट भरल्यासारखं वाटतं, पण प्रथिनं आणि लोह त्यातून जवळजवळ मिळतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. त्याच वयोगटात जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच राज्यात, कधीकधी एकाच घरात नांदतात.

"आमचा तर काडीसारखा आहे, त्याला काय होतंय?" असं म्हणणाऱ्या पालकांनी पुढचं नीट वाचावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. पुणे परिसरातली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानानं चरबी जास्त, असं त्यांना दिसलं. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या मानानं वजन पाहिलं तर दोघांचा आकडा (बीएमआय) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे मराठी घरातलं मूल किरकोळ दिसतं, एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असं समजू नका. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानं दिला, आणि त्यातले सगळे काही जाडजूड नव्हेत.

वडापावबद्दल मला हमखास विचारतात. गिरणगावातल्या कष्टकऱ्याच्या पोटाला त्यानं आधार दिला आहे, त्याला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी, समोर तळलेला गरम वडा मुलानं खाल्ला तर माझी हरकत नाही. तेल मात्र पाहून घ्या. काळपट पडलेलं, फेसाळणारं, कढई तापायच्या आत धूर सोडणारं तेल असेल तर तिथून निघा. आणि खाणं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नका, छपाईची शाई गरम तळणाला लागते.

बंद पुड्याची मला याहून जास्त काळजी वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं रांधलेलं. दोन्हीकडे ताटात मांडलेले उष्मांक, साखर, मीठ, चरबी आणि तंतू सारखेच होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जादा खात होती आणि पंधरवड्यात त्यांचं वजन जवळपास एक किलोनं वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. हे खाणं मऊ असतं, चावावं लागत नाही, भराभर पोटात जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत पुडा संपतो. म्हणून मुलाला "तुझा जिभेवर ताबा नाही" असं बोलू नका. पुडा बनवणाऱ्यानं तो हातातून सुटू नये असाच बनवलेला आहे, आणि त्यापुढे दहा वर्षांच्या पोरानं संयम पाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायची सवय मुलांनाच लावा, त्यांना आवडतं. घटकांच्या यादीत जे आधी लिहिलेलं, ते वजनानं सर्वांत जास्त. मैदा, पामतेल, साखर पहिल्या तिनात असतील तर पुडा परत ठेवायचा. सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, मुलांनी त्याहूनही कमी. झटपट नूडल्सच्या एका छोट्या पुड्यातच साधारण २ ग्रॅम मीठ जातं. कोल्ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास २६ ग्रॅम साखर असते, आणि मोठ्या माणसाची दिवसभराची मर्यादा आहे २५ ग्रॅम.

मग पाच वाजता द्यायचं काय? जुन्या गोष्टींत प्रवासाला निघणाऱ्याबरोबर तहानलाडू-भूकलाडू बांधून देत. शाळेतून परस्पर क्लासला जाणाऱ्या मुलाला तसाच दुसरा छोटा डबा हवा. शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे, उकडलेल्या शेंगा, दशमी, केळं, उकडलेलं अंडं, घरचं भडंग. मूल घरी येत असेल तर फोडणीची पोळी, थालीपीठ, सकाळच्या उसळीवर कांदा घालून केलेली भेळ. हा सगळा भार आईच्या डोक्यावर टाकू नका. तिलाही नोकरी आहे, तीही दमते. डबा बाबांनी भरावा, आजोबांनी भरावा. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचं धिरडं घालता आलं पाहिजे, मुलीलाही आणि मुलालाही. बाहेरचं खाणं पूर्ण बंद करू नका, मुलं चोरून खातात. महिन्यातून एक-दोनदा सगळे मिळून जा, टेबलावर बसून, मोबाइल खिशात ठेवून खा.

मुलाच्या मानेमागे किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमली पट्टा दिसतोय? अनेक आया तो मळ समजून घासत बसतात. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तरीही रक्तातली साखर एकदा तपासून घ्या.

घराबाहेरचं एक काम उरतं. महाराष्ट्र सरकारनं मे २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहांतून अति साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ हटवायचे आदेश काढले. त्यानंतर २०२० च्या केंद्रीय नियमांनी अशा पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. तुमच्या मुलाच्या शाळेच्या फाटकात उभे राहा आणि ५० मीटर चालून पाहा काय काय विकलं जातंय. गाडीवाल्याशी भांडू नका, त्याचंही पोट त्यावर आहे. तिथेच उकडलेली कणसं, फळं, भेळ विकायला त्याला सांगा आणि स्वतः विकत घ्या. पुढच्या पालकसभेत हा नियम वाचून दाखवा, शाळा काय करणार ते लेखी मागा, आणि उत्तर येईपर्यंत दर सभेत विचारत राहा.