हार्ड डिस्क एरर देतेय? आधी डेटा बाहेर काढा, दुरुस्तीचं नंतर बघू



या वेळच्या व्हिडिओत मी कॉम्प्युटर उघडून दाखवला आहे. तरी तोच धडा इथे लिहूनही देतेय. ज्या दिवशी याची गरज पडेल त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद असेल, आणि मोबाईलवर व्हिडिओ मागेपुढे करत बसायला डोकं जागेवर नसेल.

आपल्या जालना जिल्ह्यात घरच्या कॉम्प्युटरवर काय काय चालतं बघा. अंबडला कुणाचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. परतूरला कुणाचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि हिशेब घरी टॅलीत आहे. कुणी मोसंबीच्या व्यवहारातली उचल आणि उधारी एक्सेलमध्ये लिहितं. त्याच कॉम्प्युटरवर मुलांचे गेम आणि घरच्या लग्नाचे फोटोही असतात. हे सगळं ज्या डब्यात आहे, त्यातल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. केसाच्या जाडीचा हजारावा भागसुद्धा नाही ते! त्यात आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि मधेच जाणारी लाईट.

माझी चूक आधी सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर फाइल कॉपी होताना ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा मेसेज आला. मी इंटरनेटवर वाचलं आणि रात्री झोपताना चेकडिस्क लावून दिलं, तेही पूर्ण डिस्क वाचणारं. सकाळी स्क्रीनवर काहीच नव्हतं आणि डब्यातून टक-टक आवाज येत होता. दोन बॅचच्या फीचा हिशेब गेला. कोणाची किती फी बाकी आहे, हे मला विद्यार्थ्यांनाच विचारावं लागलं. बहुतेकांनी खरं सांगितलं, पण ते विचारताना मान खाली जाते.

झालं काय होतं? चेकडिस्कला ‘आर’ हा पर्याय जोडला की ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून बघतं. खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. एक टीबीच्या डिस्कवर हे तासन्‌तास चालतं. धडधाकट डिस्कला त्याचं काही नाही, पण मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढी धावपळ झेपत नाही. शिवाय चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही. म्हणून क्रम उलटा करायचा.

एरर दिसला की

नवीन काही इन्स्टॉल करू नका, डिस्कवर काही लिहू नका. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विंडोजने विचारलं तर कॅन्सल दाबा. टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. तिथे आपलं काम संपलं, ते डेटा रिकव्हरीवाल्याचं काम. त्याचा खर्च हजारोंमध्ये जातो, म्हणून आत काय आहे त्यावरून ठरवा.

आवाज नसेल तर पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा आणि कॉपी करा, कट नको. आधी लहान आणि महत्त्वाचं घ्या: टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेलच्या फाइली, बिलं, ग्राहकांची यादी. फोटो नंतर, सिनेमे सोडूनच द्या. एखाद्या फाइलवर अडलं तर स्किप करून पुढे जा, एका फाइलपायी बाकीच्या घालवू नका.

विंडोजच सुरू होत नसेल तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. तेव्हा बिटलॉकरची रिकव्हरी की लागते आणि ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आजच शोधून वहीत लिहून ठेवा. ज्या कॉम्प्युटरची की आहे, त्याच कॉम्प्युटरमध्ये ती ठेवून उपयोग नाही!

आता निदान

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हे सॉफ्टवेअर तीच नोंद वाचून दाखवतं. आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसतात आणि माणूस घाबरतो. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन ते दशमान करून घ्या. मग तीन ओळी बघा.

‘रिॲलोकेटेड सेक्टर्स काउंट’ म्हणजे किती सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निर्णयाच्या रांगेत आहेत. हे आकडे शून्य नसतील आणि आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदला. दुकानदार फॉरमॅट मारून ‘झाली ओके’ म्हणाला तरी धंद्याचा डेटा त्यात परत टाकू नका.

तिसरी ओळ ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट’. पहिल्या दोन ओळी शून्य आणि फक्त हीच वाढत असेल तर डिस्कचा बहुधा दोष नाही, केबल सैल किंवा खराब आहे. मशीन बंद करून साटा केबल काढून घट्ट लावा, नाहीतर शे-दोनशे रुपयांची नवीन घ्या. जुना आकडा शून्यावर येत नाही, तो पुढे वाढत नाहीये ना एवढंच पाहायचं. नवीन डिस्क घेण्याआधी ही ओळ नक्की बघा.

सगळं निळं आणि ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. उलट पहिला स्कॅन एरर आला की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर खरा माना, आणि नाही मिळाला तरी बॅकअप ठेवा. एसएसडी तर आवाजही न करता जाते.

किती जपायचं?

जीएसटी नोंदणी असेल तर कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावा लागतो. २०२४-२५ या वर्षाचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरायचं होतं, म्हणजे त्याची कागदपत्रं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. भरलेली रिटर्न पोर्टलवर दिसतील, पण तुमची उधारी, कोटेशन आणि माल कोणत्या भावाने घेतला ते तिथे नाही.

साधी पद्धत: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. कॉम्प्युटर, बाहेरची डिस्क आणि गुगल ड्राइव्ह. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम लावून ठेवली तर वीज किंवा व्हायरस दोन्हीला एकदमच घेऊन जाईल. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ३१ मार्चला जगभर बॅकअप डे पाळतात. आपलं आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपतं, तेव्हा तारीख लक्षात ठेवायला वेगळी मेहनत नाही.

आणि जुनी डिस्क भंगारात देऊ नका. सेवा केंद्रवाल्यांनी तर अजिबातच नाही, कारण त्यात गावच्या लोकांचे आधार आणि बँक पासबुक आहेत. क्विक फॉरमॅटने ते पुसले जात नाहीत. डिस्क चालू असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. बंद पडली असेल तर डोळ्यांवर चष्मा लावा, स्क्रू काढा आणि आतल्या तबकड्या निकामी करून मगच ई-कचऱ्यात द्या.