रबराच्या चिकातील प्रथिने : पृथक्करण व मोजणी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात व गोव्यात रबराची लागवड आता नवी राहिलेली नाही. बागाईतदाराची नजर साहजिकच चिकातील कोरड्या रबरावर असते. रबराचे प्रमाण शेकडा ३० ते ४० असते. त्याबरोबर शेकडा १ ते दीड भाग प्रथिनेही असतात. रुग्णालयातील हातमोजे याच चिकाचे बनतात. त्यांत उरलेल्या प्रथिनांमुळे काही डॉक्टर, परिचारिका व रुग्ण यांच्या अंगावर गांधी उठतात, दमा होतो आणि क्वचित प्रसंग प्राणावर बेततो. म्हणून अशा वैद्यकीय वस्तूंवर इशारा छापण्याचा नियम अमेरिकेने १९९७ साली केला. प्रथिनांची मोजणी ही केवळ प्रयोगशाळेची हौस नव्हे.

अभ्यासासाठी चीक पहाटे, टॅपिंग होताच, बर्फात ठेवलेल्या स्वच्छ भांड्यात धरावा. चीक टिकविण्यासाठी एरवी अमोनिया घालतात; परंतु त्याने चिकातील सूक्ष्म पिशव्या फुटतात व प्रथिनांचे विघटन होऊ लागते. ताज्या चिकातील प्रथिने पाहावयाची असल्यास असा नमुना माझ्या मते न घेतलेलाच बरा.

थंड चीक अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात सुमारे तासभर फिरविला म्हणजे त्याचे थर पडतात. वर रबराची साय, मध्ये निवळ द्रव व तळाशी गाळ. हा गाळ म्हणजे ल्युटॉइड नावाच्या त्याच सूक्ष्म पिशव्या होत. तो धुऊन पुनःपुन्हा गोठविला व वितळविला की पिशव्या फुटून आतील द्रव सुटतो. हेवीन हे प्रथिन विपुल सापडते ते यातच. रबराच्या कणांना घट्ट चिकटलेली प्रथिने नुसत्या पाण्याने निघत नाहीत. तेथे डिटर्जंट वापरावे लागते.

मोजणीची जुनी केल्डाल पद्धत सोपी आहे : नायट्रोजनच्या आकड्यास ६.२५ ने गुणावे. पण अमिनो आम्लांतील नायट्रोजनही त्यात मोजला जातो व आकडा फुगतो. यास्तव प्रथम ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनांचा साका पाडतात, तो सौम्य अल्कलीत विरघळवितात आणि १९५१ च्या लॉरी पद्धतीने निळा रंग आणून त्याची गडदता ज्ञात प्रथिनाच्या द्रावणाशी ताडून पाहतात. कोणती प्रथिने आहेत हे मात्र रंगावरून कळत नाही. त्यासाठी जेलमध्ये विद्युत्प्रवाहाने ती आकारमानाप्रमाणे वेगळी करतात. हेवीन सुमारे ४,७०० डाल्टनचे, म्हणजे फार लहान असल्याने, साध्या जेलमधून निसटते.

नमुना देणाऱ्या बागाईतदारांनी भांड्यावर झाडाचा वाण, तारीख व टॅपिंगची वेळ लिहावी आणि पावसाचे पाणी मिसळलेला चीक पाठवू नये.