यकृताचा कॅन्सर आणि आपला झाडपाला



मागच्या महिन्यात ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा भाऊ नुकताच यकृताच्या कॅन्सरने वारला. पिशवीतून त्यांनी तीन डब्या काढल्या. हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीच्या गोळ्या आणि भुईआवळ्याची पावडर. म्हणाल्या, "सिस्टर, मला तरी हा रोग होऊ नये म्हणून भाची मुंबईहून पाठवते. रोज घेते. बरोबर ना?"

भुईआवळा आपल्यापैकी कोकणातल्या लोकांना सांगायला नको. पावसाळ्यात अंगणात उगवणारे वीतभर रोप, पानांखाली ओळीने बारीक फळे. कावीळ झाली की वाटून द्यायचे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधल्याबद्दल १९७६ साली नोबेल मिळालेले बारूख ब्लुमबर्ग, आपले ज्यू शास्त्रज्ञ, यांनीही या रोपाचा अभ्यास केला. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी छापले की महिनाभर ही पावडर घेतलेल्या ५९ टक्के रुग्णांच्या रक्तातून बी विषाणूची खूण गेली. केवढी आशा वाटली होती! पण पुढच्या प्रयोगांत तसा गुण दिसला नाही.

इथल्या रस्त्याकडेला वसंतात गदिलान फुलतो, जांभळ्या फुलांचा काटेरी, पानांवर दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे. विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्याला त्याचा अर्क शिरेतून देतात, हे खरे. पण २०१२ साली अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर २४ आठवडे प्रयोग झाला, तेव्हा गदिलानच्या गोळ्या आणि खोट्या गोळ्या यांत फरक पडला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणे वेगळे आणि माणसाचा कॅन्सर टाळणे वेगळे.

हळदीचेही तेच. डाळ-भाजीतली हळद खुशाल खा. पण तिचे सत्त्व पोटातून रक्तात फारसे जात नाही, म्हणून कॅप्सूलवाले त्यात काळ्या मिरीचा अर्क घालतात. मग ते कितीतरी पटींनी शोषले जाते आणि काहींच्या यकृताला सोसत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ साली असे १० रुग्ण नोंदवले, त्यांतला एक दगावला. गुळवेलीनंतर कावीळ झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापले. सरकारच्या आयुष खात्याने ते मानले नाही. मी मात्र गुळवेल बंद करा असेच सांगीन. यकृत वाचवायला घेतलेल्या औषधाने यकृतच बिघडले तर काय उपयोग?

स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बुरशी आलेले, काळे पडलेले, कडवट शेंगदाणे टाकून द्या, भाजून कूट करू नका. त्या बुरशीचे विष यकृताचा कॅन्सर करते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. आणि कॉफी पिणाऱ्यांत हा कॅन्सर कमी आढळतो. तेव्हा डॉक्टरांची मनाई नसेल तर पीत जा.

मी त्या बाईंना उलट विचारले, "भावाला हिपॅटायटिस बी होता का?" त्यांना ठाऊक नव्हते. हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाला जातो, म्हणून एका भावंडाला असला तर दुसऱ्यालाही असू शकतो. वर्षानुवर्षे काही त्रास नसतो. शिवाय आमच्या तरुणपणी काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरत. घाईच्या दिवशी ती किती वेळ उकळली जायची, ते मी पाहिले आहे. लस नंतर आली. तैवानने १९८४ साली बाळांना ती देणे सुरू केले आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर उतरला. इस्राएलमध्ये १९९२ पासून प्रत्येक बाळाला देतात. आपण सगळे त्याआधीचे.

तेव्हा तुमच्या कुपत खोलिमच्या डॉक्टरांना सांगा, माझी हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी करा. सी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, पण गोळीने दबून राहतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर गाठ लहान असतानाच सापडू शकते. घरात कुठलाही झाडपाला, चूर्ण घेत असाल तर डबी डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.

त्या बाईंची परवानगी घेऊन लिहिते, त्यांच्या रक्तात बी निघाला. डब्या त्यांनी बंद केल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन्ही मुलगे तपासणीला जाणार आहेत, दोघांचा जन्म मुंबईचा.